फियाटचं इंजिन आणि नवशिक्याचा हात

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या मांडवात आमचे अण्णा भेटले. अण्णा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत, तिन्ही चालू आहेत, आणि आमच्या भागात जुन्या गाड्यांविषयी काही अडलं की लोक त्यांनाच विचारतात. जेवणं झाल्यावर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्याजवळ आला. आजोबांची प्रीमियर पद्मिनी त्याच्याकडे आली होती, इंजिन धूर मारत होतं आणि ते स्वतः खोलून बांधावं असं त्याच्या मनात होतं. कुठून सुरुवात करू, एवढंच त्याला विचारायचं होतं.

अण्णा म्हणाले, "इंजिन म्हणजे मिसळ नव्हे रे, घरी जमेल तशी करायला. चार-पाच लाख बाजूला काढता येत असतील तर चांगल्या माणसाकडे दे. नसतील तर मारुतीचं इंजिन टाक, नाहीतर भंगारात घाल. पण पाना हातात घेऊ नकोस. पहिल्यांदा खोललेलं इंजिन परत चालू झालेलं मी बघितलेलं नाही."

मुलगा मान हलवून निघून गेला. मी तिथेच होतो, आणि वयाचा मान ठेवून गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं, म्हणून हे लिहितो आहे. अण्णांनी हे वाचावं, आणि तो मुलगा कुठे असेल तर त्यानेही वाचावं.

अण्णांच्या बोलण्यात तीन विधानं आहेत. नवशिक्याने इंजिन खोलू नये, कमी पैशात ते होत नाही, आणि मूळ इंजिन जपण्यापेक्षा दुसरं टाकणं शहाणपणाचं. तिन्ही मला चूक वाटतात. सगळ्यांत जास्त चूक दुसरं वाटतं, कारण पहिलं त्याच्याच पोटातून निघालं आहे.

आधी ही गाडी कोणती ते नीट पाहू. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही फियाट बाहेर पडायची. १९६४ साली ती 'डिलाइट' म्हणून आली, पुढे काही काळ 'प्रेसिडेंट' झाली, १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेली आणि शतक सरेपर्यंत बनत राहिली. इंजिन चार सिलिंडरांचं, १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. लोखंडी ब्लॉक, वर हेड, खाली कॅमशाफ्ट, आणि दोहोंना जोडणारे पुश रॉड. एकही सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात, हाताने तपासता येतात.

आता या गाडीचं बहुतेक आयुष्य कोणाच्या हातात गेलं ते आठवा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, तीही टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून. जवळजवळ सहा दशकं ही इंजिनं दिवसरात्र, दोन-दोन पाळ्यांत, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर तापत पळाली. ती कोणी चालू ठेवली? गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडायची, अशा माणसांनी. त्यांच्यासाठी बोअर करणाऱ्या, क्रँक ग्राइंड करणाऱ्या आणि व्हॉल्व घासणाऱ्या कारागिरांनी. कमी पैशात इंजिन बांधणं हा या गाडीच्या नशिबी आलेला दुय्यम उपचार नव्हता. तिचं आयुष्य त्यावरच उभं होतं. क्रोम चमकवून फुलांच्या माळा घातलेली पद्मिनी मलाही आवडते, पण ही गाडी श्रीमंतांच्या हौसेची म्हणून जन्मली नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुन्हा बांधलं जायचं हे गृहीत धरूनच हे इंजिन आखलेलं आहे. बोअर झिजला की तो थोडा मोठा करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, झिजले की ते थोडे बारीक करून जाड बेअरिंग बसवता येतात. मशीन शॉपमध्ये कोणी 'क्रँक दहाच्या साइजमध्ये आहे, वीसला नेऊ' म्हणतो तेव्हा तो इंचाच्या हजाराव्या भागांत बोलत असतो. दहा, वीस, तीस या पायऱ्या कोण्या गल्लीतल्या मिस्त्रीने शोधलेल्या नाहीत. इंजिन बनवणाऱ्यांनीच त्या ठरवल्या, त्यांचे भाग विकले, कारण इंजिन दोन-तीनदा खोललं जाणार हे त्यांना माहीत होतं. ज्या वस्तूच्या कर्त्यानेच ती खोलायची सोय करून ठेवली, ती खोलू नका असं सांगायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

आता 'स्वस्त' या शब्दाकडे येतो. अण्णांनी आयुष्यभर स्वस्तातली कामं बिघडलेली पाहिली आहेत, यात शंका नाही. मीही पाहिली आहेत, त्यातलं एक माझ्या घरचं. वडिलांची १९८२ ची पद्मिनी २००९ मध्ये तेल खायला लागली. आम्ही ती एका गॅरेजला दिली. तिथे 'हाफ इंजिन काम' झालं: हेड उतरवलं, पिस्टन काढले, नव्या रिंगा घातल्या, परत बसवलं. काहीही मोजलं नाही. तीन महिन्यांत निळा धूर परत आला आणि एक विचित्र टकटक सुरू झाली. वडील म्हणाले, जाऊ दे, आता तिचं वय झालं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि बारा वर्षं तिथेच राहिली.

२०२१ मध्ये मी स्वतः हेड उतरवून पिस्टन काढले तेव्हा त्या टकटकीचं कारण सापडलं. तिसऱ्या सिलिंडरमधली वरची रिंग दोन तुकड्यांत होती. असं का होतं ते सांगतो, कारण सगळा वाद इथेच आहे. पिस्टन वरखाली होताना रिंग एका उंचीपर्यंत जाऊन परत फिरते. तिथवर बोअर झिजतो, त्याच्या वरचा काठ झिजत नाही. वर्षानुवर्षं असं झालं की त्या उंचीवर एक कंगोरा तयार होतो. जुन्या रिंगेची धार बोअरबरोबरच झिजलेली असल्यामुळे तिला तो कंगोरा जाणवत नाही. नव्या रिंगेची धार मात्र तीक्ष्ण आणि चौकोनी असते. ती प्रत्येक फेरीला कंगोऱ्यावर आपटते आणि तुटते. शिवाय झिजलेला बोअर गोल राहिलेला नसतो. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो, त्या बाजूला तो जास्त खाल्ला जातो आणि अंडाकृती होतो. गोल रिंग अंडाकृती भोकात कितीही नवी असली तरी तेल कसं अडवणार?

त्या गॅरेजने पैसे वाचवले नव्हते, मोजमाप वाचवलं होतं. अण्णा ज्याला स्वस्त काम म्हणतात ते बहुतेक वेळा असंच, न मोजता केलेलं काम असतं. आणि महागड्या ठिकाणीसुद्धा न मोजता काम होतं, फक्त बिल मोठं येतं. इंजिन टिकेल की नाही, याचा पैशाशी थेट संबंध नाही. कोणी, कुठे, किती अचूक मोजलं, याच्याशी आहे. आणि मोजणं नवशिक्याला जमतं. मी हायस्कुलात गणित शिकवतो. माझे आठवीतले विद्यार्थी व्यास आणि परिघाची गणितं करतात. त्यांना मायक्रोमीटर वाचायला शिकवायला मला अर्धा तास लागेल.

ही मापं किती सूक्ष्म असतात, तेही लपवत नाही. क्रँकचा जर्नल आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा पातळ थर राहायला जागा लागते. ढोबळ नियम असा, की जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग. ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या एका बारीक केसाएवढी. कमी पडली तर बेअरिंग जळतं, जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. शाळेतल्या व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर, म्हणून तो इथे पुरत नाही. मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत दाखवतो, आणि तो लागतोच. प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागाही मिळतो. तो जर्नलवर ठेवायचा, कॅप बसवून ठरलेल्या टॉर्कला आवळायची, क्रँक फिरवायचा नाही, मग कॅप काढायची आणि धागा किती चेपला गेला ते सोबतच्या पट्टीशी ताडायचं. चेपून जितका रुंद, तितकी फट कमी. यात वर्षानुवर्षांच्या हाताच्या सवयीची गरज नाही. स्वच्छता हवी, चांगला उजेड हवा आणि घाई नको.

घाई नसणं हेच नवशिक्याचं भांडवल आहे. अण्णांच्या विधानाला माझं खरं उत्तर हेच आहे. व्यावसायिक मिस्त्रीला दिवसाला गाडी बाहेर काढावी लागते, त्याच्या दारात दुसरी उभी असते. मला तसं नव्हतं. एका संध्याकाळी मला फक्त चार रिंगांची तोंडाची फट मोजायची होती: रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, दोन टोकांमध्ये फिलर गेज घालायचा, आकडा लिहायचा. ६८ च्या बोअरला ती फट साधारण ०.२ ते ०.२७ मिलिमीटर हवी. एका रिंगेत ती कमी निघाली. बारीक कानशीने एकाच दिशेने दोन फटके मारले आणि पुन्हा मोजली. तापल्यावर रिंग प्रसरण पावते. फट कमी असती तर टोकाला टोक भिडून बोअर ओरबाडला गेला असता. हे काम मला दीड तास पुरलं. गॅरेजात दीड तास कोणी देत नाही, आणि तो मिस्त्रीचा दोष नाही. पण मला तो देता येत होता, फुकट.

सगळंच घरी करता येतं असं मात्र मी म्हणत नाही. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, व्हॉल्वच्या सीट कापणं ही मोठ्या मशीनची कामं आहेत आणि तिथे नवशिक्याने हट्ट करू नये. आमच्याकडे त्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहे. ऊस गाळणाऱ्या आणि पाणी उपसणाऱ्या इंजिनांवर तिथल्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. पुण्यात, मुंबईत, नाशकात अशी मशीन शॉप आहेत, आणि लहान तालुक्याच्या गावातही एखादं निघतं. मी माझा ब्लॉक उद्यमनगरातल्या एका शॉपात नेला तेव्हा तिथल्या वयस्कर मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पिस्टन आणलेत का, सर?"

मी म्हटलं, "नाही. आधी बोअर करून घेतो, मग त्या मापाचे आणतो."

"उलटं करू नका. आधी पिस्टन आणा. मी त्याच्या मापाला बोअर करीन. तुम्ही बोअर करून घेतलात आणि त्या साइजचे पिस्टन बाजारात नसतील, तर ब्लॉक घेऊन कुठं फिरणार?"

या चार वाक्यांनी माझे हजारो रुपये वाचवले. बंद झालेल्या गाडीचं हेच आहे. कारखाना बंद होऊन वीस वर्षांवर झाली, बाजारात उरलेला माल आहे, त्यात काही साइज मिळतात आणि काही मिळत नाहीत. म्हणून आधी शोध, मग कापणं. मामांनी माझ्या समोर बोअर गेज घातला आणि चारही सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजले. चोवीस आकडे मी वहीत लिहून घेतले. तिसरा सिलिंडर सगळ्यांत वाईट निघाला, वरच्या भागात ०.१९ मिलिमीटर जास्त. पण त्याहून मोठ्या एका ओव्हरसाइजमध्ये सगळे बसत होते. ते पिस्टन पुण्यात नाना पेठेत मिळाले. ऑइल पंपाची एक गियर जोडी मात्र कुठेच मिळेना. ती शेवटी बुधवारच्या जुन्या बाजारात, एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या पोत्यात, तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेली सापडली.

आता पैशांची गोष्ट. वही माझ्यासमोर आहे. मशीन शॉपला, हेड आणि क्रँकसकट, १४ हजार. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केटचा संच, टायमिंग चेन आणि किरकोळ सुटे भाग १९ हजार. मायक्रोमीटर, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क पाना मिळून ७ हजार, आणि ही हत्यारं आजही माझ्याकडे आहेत. तेल, धुण्यासाठी डिझेल, ब्रश, टेम्पोचं भाडं आणि चेन पुलीचं भाडं ५ हजार. एकूण ४५ हजार, चौदा महिन्यांत विभागून. यात माझी मजुरी नाही, कारण ती मी कोणाकडून घेणार? लग्नाच्या मांडवात सांगितलेल्या चार-पाच लाखांच्या आकड्याने मी इतका का अस्वस्थ झालो, ते यावरून कळेल. तो आकडा रंग, सीट, क्रोम, टायर आणि दुसऱ्याच्या मजुरीसकट अख्खी गाडी नवी करण्याचा आहे. इंजिनाच्या प्रश्नाला गाडीचं उत्तर दिलं की कोणाचीही हिंमत खचेल. बावीस वर्षांच्या मुलाला महिन्याला तीन-साडेतीन हजार बाजूला काढता येतात. चार लाख त्याला अनेक वर्षं दिसणार नाहीत.

नवशिक्या चुका करतो हे खरं आहे. मी केल्या. इंजिन खोलायला घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड कमी असताना, मी दोन कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकापाठोपाठ सोडल्या आणि एकाच थाळीत ठेवल्या. रॉड आणि त्याची कॅप एकत्र बसवून त्यांचं भोक पाडलेलं असतं. ती जोडी असते. याची कॅप त्याला बसवली की भोक गोल राहत नाही आणि नवं बेअरिंगसुद्धा जळतं. रात्री हे वाचलं तेव्हा झोप उडाली. सकाळी मी सगळे रॉड आणि कॅप डिझेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासले. काजळीखाली आकडे ठोकलेले सापडले, रॉडवर आणि कॅपवर, एकाच बाजूला. जोड्या जुळल्या. त्यानंतर मी एकही नट फोटो काढल्याशिवाय सोडला नाही, आणि प्रत्येक भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. जी चूक लक्षात येते आणि सुधारता येते, ती शिकण्याचा भाग आहे. हाफ इंजिन काम करणाऱ्यांनी केलेली चूक बारा वर्षं झाकलेली राहिली. कुठली जास्त घातक, हे अण्णांनीच सांगावं.

आणखी एका ठिकाणी नवशिक्याचं घोडं अडतं, आणि ते कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. बोअर आणि होनिंग करून आलेला ब्लॉक डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण तो स्वच्छ नसतो. होनिंगच्या दगडाचे बारीक कण भिंतीवरच्या रेघांत बसलेले असतात. डिझेलने किंवा पेट्रोलने पुसलं तर तेल निघतं, कण राहतात. ते गरम पाणी, साबण आणि ब्रशनेच निघतात. मी अंगणात मोरीच्या ब्रशने चारही सिलिंडर धुतले. पांढरं फडकं काळं निघत होतं, पुन्हा धुतले, पुन्हा पुसले. सहाव्यांदा फडकं पांढरं राहिलं. लगेच कोरडं करून तेल लावलं, नाहीतर लोखंडाला तासाभरात गंज धरतो. हे कण राहिले असते तर नव्या रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच घासल्या गेल्या असत्या, आणि मग अण्णा म्हणाले असते, बघ, नवशिक्याचं इंजिन. पहिल्यांदा खोललेलं इंजिन चालू झालेलं त्यांनी पाहिलं नसेल. न चालण्याची कारणं अशीच साधी असतात, आणि ती सांगितली तर टाळता येतात. सांगायचीच नाहीत आणि वर अपयशाचा दाखला द्यायचा, हा मला अन्याय वाटतो.

इंजिन बदलण्याच्या सल्ल्यावर जास्त लिहीत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो. तो बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि पुढची सगळी धावपळ आलीच. आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. त्याची अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ च्या पद्मिनींनी पन्नाशी ओलांडली आहे. माझी २०३२ मध्ये पन्नाशीची होईल. आज मारुतीचं इंजिन टाकून ती मोकळी केली असती, तर त्या दिवशी ती पद्मिनी उरली नसती. सवाल फक्त कागदांचाही नाही. बॉनेट उघडल्यावर तिथे वडिलांच्या हाताखाली धडधडलेलं इंजिन असावं, असं मला वाटतं. भंगारात घालण्याच्या सल्ल्याला तर मला उत्तरही द्यावंसं वाटत नाही.

अण्णांचं काय बरोबर आहे, तेही मांडायला हवं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांमध्ये बेअरिंग ओतून, हाताने खरवडून बसवावी लागतात. ती विद्या जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत, आणि अशा इंजिनापासून नवशिक्याने सुरुवात करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंगची गोष्ट वेगळी आहे. तिथली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, म्हणून ते काम मी स्वतः केलं तरी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली नाही. ब्लॉकला तडा असेल तर वेळ घालवू नये, दुसरा ब्लॉक शोधावा. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं आणि तडकतं, म्हणून इंजिनाबरोबर पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही बदलावा, नाहीतर कष्टाने बांधलेलं इंजिन पेट्रोल गळून पेट घ्यायचं. हे सगळं नवशिक्याला सांगितलं पाहिजे. 'पाना हातात घेऊ नकोस' या वाक्यात मात्र यातलं काहीच नाही. ते वाक्य दार लावून घेतं. आणि अण्णा स्वतः कधीतरी नवशिके होतेच ना? त्यांनीही कोणाच्या तरी अंगणात पहिला नट सोडला असेल.

मला या गोष्टीची इतकी तळमळ का, असं कोणी विचारेल. माझ्या वर्गातली मुलं फोन उघडू शकत नाहीत, टीव्ही उघडू शकत नाहीत, आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तरी त्यांना एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. वस्तू आतून कशी चालते हे हाताने पाहण्याच्या जागा एकेक करून बंद होत आहेत. आमच्या लहानपणी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी असायची. नव्या इंजिनाला जपावं लागतं, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. आता ते ठाऊक नसतं, कारण कोणी इंजिन बांधत नाही. चाळीस अश्वशक्तीचं, चार सिलिंडरांचं हे साधं इंजिन अजून उघडता येतं. उघडायची इच्छा असलेला मुलगा समोर येतो. त्याला परत पाठवू नका, अण्णा. तुम्ही म्हणालात म्हणून तो खरंच परत जाईल.

माझं इंजिन २०२२ च्या दिवाळीत चालू झालं. प्लग काढून स्टार्टरने फिरवत राहिलो, तेलाच्या दाबाचा दिवा विझल्यावर प्लग लावले आणि स्टार्ट केलं. पहिल्या हजार किलोमीटरला मी कधी पन्नासच्या वर नेली नाही. पाचशेला तेल बदललं, हेडचे नट गार इंजिनावर पुन्हा टॉर्कला आवळले, मधून सुरुवात करून कडेला. टॅपेट पुन्हा सेट केले. आज तिच्यावर चौदा हजार किलोमीटर झाले आहेत.

खोलण्याआधी कॉम्प्रेशन गेजने मोजलेले आकडे वहीच्या पहिल्या पानावर आहेत: ९०, ८५, ४० आणि ९५ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं तेव्हा ४० चा आकडा ७० ला गेला. दोष रिंगांत आणि बोअरमध्ये होता, व्हॉल्वमध्ये नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. गेल्या महिन्यातले आकडे शेवटच्या पानावर आहेत: १३२, १३०, १३१, १३०. अण्णा, येत्या रविवारी सांगलीला या. गेज मी देतो, प्लग तुम्ही काढा आणि चारही सिलिंडर तुम्हीच मोजा. येताना त्या मुलाचा फोन नंबर आणा. माझ्याकडे तो नाही, आणि त्याला माझी वही द्यायची आहे.